काळ्या खोलीची कडी

मी शाळेत गेलो तो एकदम शिपाई म्हणूनच. त्याआधी शाळेची पायरी चढलो नव्हतो. गावाला मास्तर घरी बोलवायला आले की मी फणसावर. शेवटी मास्तर थकले, मी नाय थकलो. मग मुंबईला आलो, घाटकोपरच्या एका शाळेत चिकटलो. घंटा द्यायची, पिंप भरायचं, फळे पुसायचे. फळ्यावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, म्हणून पुसताना कधी वाईट वाटलं नाय. अडाणीपणाचा एवढा एकच फायदा झाला मला.

माझी पोरगी त्याच शाळेत होती. सातवीत. हुशार. माझ्यावर गेली नाय हे तिचं नशीब. तिला मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, शाळेत मला बाबा म्हणायचं नाय. सगळी पोरं शिपायाला मामा म्हणतात, तू पण मामाच म्हण. शिपायाची पोरगी म्हणून कोणी चिडवायला नको. बायकोला हे कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात तसाच ठेवून म्हणाली, "म्हणजे मी आता तिची मामी झाले?"

पण पोरीनं पाळलं. घरी बाबा, गेटच्या आत मामा. इतकं सरळ म्हणायची की कधीकधी मलाच वाटायचं, ही खरंच कोणाची तरी दुसऱ्याची आहे.

मग शाळेत ते मशीन आलं. ऐंशी सालानंतरची गोष्ट. स्लाइड प्रोजेक्टर आणि त्याच्या जोडीला सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर. टेपमध्ये भरदार आवाजाचा कोणी माणूस भूगोल सांगायचा. मध्येच टुंग वाजायचं. टुंग झालं की बटण दाबायचं, भिंतीवर पुढचं चित्र. भूगोलाच्या बाई तर खूश. म्हणाल्या, आता पोरांना पाठ करायलाच नको, डोळ्यांनीच अभ्यास होईल.

पण त्याला काळोख लागतो. तळमजल्याच्या टोकाला एक खोली होती, मोडकी बाकं टाकायची. हेडसर म्हणाले, हीच घ्या. खिडक्यांच्या काचा मी काळ्या रंगानं रंगवल्या. वाऱ्यानं उघडू नयेत म्हणून खिळे ठोकले. एक खिळा वाकडा गेला तर त्याच्या बाजूला दोन जास्त ठोकले. आपलं काम पक्कं असतं, नको तिथं.

रंगवून झाल्यावर दार ओढून घेऊन मी आत उभा राहिलो. भर दुपारी स्वतःचा हात दिसेना. बाहेर मैदानात पोरं ओरडत होती, पण आवाज लांबून यायचा, विहिरीत उतरल्यावर वरून यावा तसा. बाहेर येऊन बाईंना म्हटलं, "बाई, खोली बरी नाय."

"काय झालं?"

"काय नाय. बरी नाय एवढंच."

"मामा, तुम्हाला भुतं दिसतात का?"

"दिसत नाय ना बाई काय, म्हणून तर म्हणतो."

बाई हसल्या. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळे मला विचारायला लागले, काय मामा, आज कोण भेटलं?

अजून एक भानगड होती. प्लगचं बटण नेमकं दारापाशी, म्हणून मशीनचं टेबलपण दाराला लागून. आणि ते दार फुगलेलं, आतून लागायचं नाय. दुसऱ्या वर्गातली पोरं येऊन ओढायची, उजेड आत, चित्र गायब. म्हणून बाईंनी मला बाहेर स्टुलावर बसवलं आणि बाहेरून कडी घालायला लावली.

"मामा, मी हाक मारल्याशिवाय काढायची नाही. पोरांनी कितीही बोंब मारली तरी. कळलं ना?"

"कळलं."

"काय कळलं?"

"बोंब मारली तरी काढायची नाय."

पहिल्याच तासाला आतून पोरं ओरडायला लागली, मामा उघडा, मामा भूत! मी धावत कडी काढली. आख्खा वर्ग खो खो हसला, भिंतीवरची गंगा नदी पुसून गेली, आणि बाई म्हणाल्या, "तुम्ही तर पोरांपेक्षा लहान निघालात." तेव्हापासून मी दगड झालो. आतून काय वाटेल ते ओरडा, मामा हलणार नाय.

आणि मशीनचं बटण दाबायला बाईंनी कोणाला निवडलं? माझ्या पोरीला. बाई पुढं भिंतीशी काठी घेऊन, पोरगी मागं मशीनपाशी. म्हणजे ती आत, मी बाहेर, मध्ये दाराची फळी. पलीकडून टुंग ऐकलं की माझी छाती फुगायची. मशीनला मागून जाळी होती, आत पंखा फिरायचा. तास संपल्यावर पोरगी बाहेर यायची तेव्हा तिचा एक गाल तापलेला असायचा. मला म्हणायची, "मामा, मशीन फार गरम होतं." मी म्हणायचो, "शिकताना डोकं तापतंच गं." काय अक्कल होती माझी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन. सरस्वतीचा फोटो, झेंडूचे हार. गावाला आम्ही कोयता पुजतो, विळा पुजतो. सकाळी हेडसरांनी त्यांच्या स्कूटरला माझ्याकडूनच हार बांधून घेतला होता. मग भूगोलाच्या मशीननं काय पाप केलं? उरलेला जाडजूड हार घेऊन मी काळ्या खोलीत गेलो. पुढं काच, तिथं बांधला तर भिंतीवर झेंडूच दिसणार. एवढं डोकं चाललं. म्हणून मागच्या जाळीवर दोन वेढे देऊन घट्ट बांधला. दाराबाहेर मूठभर अगरबत्त्या लावल्या.

पोरं आत गेली. पोरगी मशीनपाशी थांबली.

"मामा, हा हार काढू?"

"राहू दे. सणाचा काढत नाहीत."

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. घरी असती तर भांडली असती. मामाशी कोण भांडतं? बटणावर बोट ठेवून बसली. मी कडी घातली.

त्या दिवशी गोवंडीच्या बाजूनं वारा होता. तिकडच्या कचऱ्याचा धूर आमच्या नाकाला रोजचाच, त्यात माझ्या अगरबत्त्या. म्हणजे जळका वास आला तर मला कळणार कसा? आतून तो भरदार आवाज ज्वालामुखी सांगत होता. पृथ्वीच्या पोटात कसं सगळं उकळतंय, वाट मिळेल तिथून कसं बाहेर येतं. टुंग झालं. पोरं किंचाळली. मी म्हटलं, आलं वाटतं बाहेर.

पुन्हा किंचाळली. मग बाकं सरकल्याचा आवाज. मग दारावर थापा.

"मामा! मामा, उघडा!"

मी अगरबत्तीची राख झाडत होतो. ऐटीत म्हटलं, "भुताला सांगा, घंटा झाली की सोडतो."

थापा वाढल्या. मामा, मामा, मामा. आख्खा वर्ग मामा. बाईंची हाक काय येईना, आणि हाक आल्याशिवाय काढायची नाय हे मला पाठ. आयुष्यात एवढी एकच गोष्ट पाठ केलेली मी. टेपमधला माणूस शांतपणे सांगतच होता. टुंग झालं, आणि त्या टुंगनंतर मला कसंतरी वाटलं. एरवी टुंगमागून बटणाचा खट्‌ आवाज यायचा. तो आला नाय.

मी स्टुलावरून उठलो. उभाच राहिलो.

मग फळीच्या अगदी जवळून, खालून, खोकत कोणी तरी म्हणालं, "बाबा."

ओरडून नाय. घरी पाणी मागते तसं.

त्या शाळेत मला बाबा म्हणणारं एकच होतं.

कडी निघेना. रोज काढायचो ती, आणि बोटं लाकडाची झालेली. निघाली तेव्हा दार माझ्या अंगावर आलं आणि त्याच्यामागून काळा धूर. दिवा विझलेला, फ्यूज उडालेला, आत मिट्ट, आणि सेलवरचा तो आवाज अजून शांतपणे सांगतोय की लाव्हा थंड झाला की जमीन सुपीक होते. मी पोरांना ओढून ओढून बाहेर फेकलं. बाई पुढं अडकलेल्या, तोंडात पदर, खोकून खोकून हाक मारायला आवाजच उरला नव्हता. पिंपातली बादली मशीनवर ओतली, अर्धी बाईंवर गेली.

सगळी वाचली. मैदानात बसून खोकत होती. माझ्या पोरीनं उजवी मूठ घट्ट मिटलेली. उघडवली तर तळहात सोलवटलेला आणि त्याला जळकी पाकळी चिकटलेली. काळोखात हार उपटायला गेली होती. जळालेली फुलं पंख्यात अडकलेली, निघालीच नाहीत.

हेडसर आले. "हार कोणी बांधला?"

"मी, सर."

"कशाला?"

"उद्या दसरा ना, सर."

त्यांनी तोंड उघडलं. मग गेटपाशी उभ्या त्यांच्या स्कूटरकडे नजर गेली, आणि मिटलं.

बायकोनं त्या दिवशी एक टोमणा मारला नाय. पोरीच्या हाताला हळद लावत बसली. तेव्हा मात्र मी घाबरलो.

दिवाळीनंतर मशीन दुरुस्त होऊन आलं. मला वाटलं, आता खिडक्या उघडतील. कोणी विषय काढला नाय. खिळे तिथंच, दारातलं टेबल तिथंच. बाईंनी पुन्हा पोरीलाच मशीनपाशी बसवलं, हाताला अजून फडकं होतं. आत साठेक पोरं. काळोख झाला.

"मामा, कडी," बाई म्हणाल्या.

मी स्टूल पुढं ओढलं आणि चप्पल घातलेला पाय दारात टाकला.

"मामा, पाय काढा."

"निघत नाय, बाई."

"म्हणजे काय?"

"वातानं धरलाय."

पोरं हसली. बाई दोनदा ओरडल्या, मग काठी घेऊन भिंतीशी गेल्या. टेप चालू झाला, परत तोच ज्वालामुखी, राहिलेला. भिंतीवरचं चित्र फटीतल्या उजेडानं फिकं पडलं होतं. गोवंडीकडचा वारा सुटलेला. मी नाक फुगवून एक एक वास वेगळा करत बसलो.

आतून पोरगी म्हणाली, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी, "बाबा, पाय जरा बाजूला घ्या ना, चित्र दिसत नाय."

मी अंगठ्याएवढा बाजूला घेतला. काढला नाय.