न गळणारी टाकी

माझ्या नवऱ्याच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला, तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "आजोबा, बिडी ठेवा नाहीतर पाय ठेवा. दोन्ही राहणार नाहीत." नवरा विचारात पडला. मला त्या विचारात पडण्याचाच राग आला. यात निवडण्यासारखं काय होतं?

तोंडावर मी त्याला अहोजाहो करते. कागदावर एकेरीच बरा, अक्षरं कमी लागतात.

आम्ही राहतो करी रोडला, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. संडास गॅलरीच्या टोकाला. लिफ्ट बिल्डर देणार आहे, फक्त बिल्डर अजून मिळायचा आहे. पाय गेला असता तर नवऱ्याला त्या संडासापर्यंत कोणी न्यायचं? मीच. माझे गुडघे आधीच बोलतात. म्हणजे पाय त्याचा होता, पण उचलायचा मला होता. लोकांना वाटलं मी त्याच्या काळजीने वाळत चालले आहे. मी माझ्या काळजीने वाळत होते.

बिडी सोडायचे प्रयत्न झाले. लवंग झाली, बडीशेप झाली, देवाची शपथ झाली. श्रावणात तो मटण सोडायचा, दारू सोडायचा, बिडी मात्र नाही. मी विचारलं तर म्हणाला, "बिडी शाकाहारी आसा गो. पान, तंबाखू आणि सूत. त्यात मासळी खंय आसा?" आणि वर मलाच, "तू आधी मिश्री सोड." मी रोज सकाळी तंबाखू भाजून दातांना लावते, हे खरं आहे. पण माझ्या पायाचा अंगठा गोरा होता, तेव्हा तो मुद्दा तिथेच संपला.

शेवटी आमचा मुलगा एका रविवारी ई-सिगारेटचं यंत्र घेऊन आला. तो लोअर परळला ऑफिसात आहे, तिथे बरेच जण ओढतात म्हणे. खाली बॅटरी, वर काचेची छोटी टाकी. टाकीत गोड वासाचं पाणी, आत तारेची गुंडाळी आणि कापूस. बटण दाबलं की तार तापते, पाण्याची वाफ होते, ती ओढायची. जाळ नाही, राख नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "यातही निकोटीन आहे. मला हेही नको आहे." मुलगा म्हणाला, "बाबा, बिडीवरून एकदम शून्यावर तुम्ही येणार नाही. मध्ये एक पायरी पाहिजे." नवऱ्याला पायरीची कल्पना आवडली. पायरीवर बसता येतं.

पहिली टाकी मुलाने स्वतः निवडली होती, दिसायला दणकट. नवऱ्याने गॅलरीत उभं राहून पहिला झुरका घेतला आणि असा ढग सोडला की समोरचा जिना दिसेना. शेजारीण ओरडली, "अगो, खिडक्या लावा! डासांची धुरी मारूक इले!" तिने खरंच खिडक्या लावल्या. धूर आंब्याच्या वासाचा आहे हे कळल्यावर पुन्हा उघडल्या आणि म्हणाली, "म्युनिसिपाल्टी सुधारली वाटता."

ढगाने नवऱ्याला ठसका लागला. घसा शांत करायला तो खाली जाऊन बिडी ओढून आला. शिवाय टाकी गळायची. सदऱ्याच्या खिशाला आंब्याचा चिकट डाग, त्याला मुंग्या. आठवडाभरात तो दोन्ही ओढायला लागला. घरी यंत्र, खाली बिडी. पायरी चढून झाली होती, पण तो उतरायचं सोडून दोन्ही पाय दोन पायऱ्यांवर ठेवून उभा होता.

मग मी म्हटलं, आता दुसरी टाकी मीच घेणार. मुलाला घेऊन दादरला गेले. एका मोठ्या इमारतीच्या जिन्याखाली दुकान होतं. पुढे मोबाइलची कव्हरं, मागे ही यंत्रं. दाढीवाल्या दुकानदाराने काउंटरवर एकेक चीज मांडायला सुरुवात केली.

"आंटी, हा घ्या. डबल कॉइल, ऐंशी वॅट. काय ढग येतो माहितीय?"

"ढग कशाला? मला पाऊस पाडायचा नाही."

"यूथला आवडतं, आंटी."

"यूथ गिरणीत गेला. आता जे उरलंय त्याच्यासाठी दाखव. कमी वॅटवर चालणारी नाही का काही? आमच्याकडे झिरोचा बल्ब असतो, तसं."

मुलगा दुसरीकडे बघायला लागला. दुकानदाराने खालच्या खणातून एक लहानशी टाकी काढली, नाक मुरडतच. म्हणाला, "ही बिगिनर्ससाठी आहे. हिच्यात मजा नाही."

"मजा नको. गळते का ते सांग."

"नाही गळत."

"पाणी भर आणि उलटी कर."

"आंटी, यात पाणी नाही घालायचं!"

"कळशी घेताना भांडेवाला पाणी भरून दाखवतो. तू का नाही?"

"आई, प्लीज," मुलगा म्हणाला.

त्याने शेवटी वैतागून तिच्यात ते गोड पाणी भरलं, कागदावर उलटी धरली. आम्ही तिघं त्या कागदाकडे बघत उभे राहिलो. मागे एक कॉलेजची मुलगी मोबाइलचं कव्हर घ्यायला आली होती, तीही बघायला लागली. थेंब पडला नाही. मग मी बाकीचं विचारलं. भरायची वरून की खालून? वरून, झाकण सरकवून. बरं, कारण नवऱ्याचे हात थरथरतात. सुटे भाग किती? चारच. हवेचं भोक लहान होईल का? होईल, बाहेरचं कडं फिरवायचं. बिडी ओढताना गाल आत जातात तसं जोर लावून ओढावं लागेल ना? नुसती वाफ तोंडात आली तर त्याला फसवल्यासारखं वाटतं.

"आंटी, तुम्ही टाकी घेताय की स्टोव्ह?"

"स्टोव्हच आहे हा. खाली टाकी, मध्ये वात, वर भांडं. इथे भांडं म्हणजे माझ्या नवऱ्याचं तोंड."

तो हसला आणि नीट सांगायला लागला. नवी कॉइल, म्हणजे ती तारेची गुंडाळी, बसवली की टाकी भरून थोडा वेळ नुसती ठेवायची, कापूस भिजू द्यायचा. कोरडी तापवली तर कापूस जळतो आणि मग जळक्याचीच चव. कमी वॅट ठेवा म्हणजे कॉइल बरीच टिकेल.

ती टाकी खरोखर चांगली निघाली. गळली नाही, पडून फुटली नाही. ढगही यायचा नाही, चहाच्या कपावर दिसते तेवढी वाफ. शेजारपाजारी तिला पिपाणी म्हणायचे. "आजोबा, पिपाणी वाजवा!" नवरा खूश. बिड्या कमी झाल्या. बंद झाल्या नाहीत. डॉक्टर दर वेळी पाय दाबून बघायचे, घोट्याजवळ बोट ठेवून नाडी शोधायचे आणि मान हलवायचे. ती मान कुठल्या बाजूला हलते यावर माझं म्हातारपण अवलंबून होतं, आणि ती कुठल्याच बाजूला धड हलत नव्हती.

तेवढ्यात सरकारने या यंत्रांवर बंदी आणली. बिडी चालू राहिली, सिगारेट चालू राहिली, चाळीखालच्या पानवाल्याचा गल्ला चालू राहिला. वाफ तेवढी गुन्हेगार ठरली. मी दादरला कॉइल आणायला गेले तर दाढीवाल्याकडे फक्त मोबाइलची कव्हरं. "काहीच नाही, आंटी. सगळं उचललं." मी म्हटलं, "मग नवऱ्याला कव्हर घालू का?"

घरातली शेवटची कॉइल गणपतीत जळली. पाहुणे येऊन गेले होते, मी आत नैवेद्याची भांडी आवरत होते. बाहेरच्या खोलीत नवरा चष्मा लावून ती कॉइल सुईने उकरत बसला होता. तो गिरणीच्या सूतखात्यात उभा जन्म काढलेला माणूस. मी विचारलं तर म्हणाला, "ह्यात आसा काय? तार आणि कापूस. कापूस माका शिकवतले?" हात थरथरत होते तरी जळका कापूस त्याने सफाईने काढला. नवा कापूस पाहिजे होता. देव्हाऱ्याशेजारी माझा फुलवातींचा डबा होता. गणपतीत आरतीच्या वेळी धावपळ नको म्हणून मी फुलवाती आधीच करते, पातळ तुपात बुडवते आणि थिजवून ठेवते.

त्याला त्या तुपातल्या आहेत हे दिसलं नाही असं नाही. दिसलं. नंतर त्याने स्वतःच सांगितलं की त्याला उलट बरं वाटलं. तूप देवाला चालतं, बाळंतिणीला चालतं, सुकलेल्या घशाला चालतं. ते कोणाला कधी बाधलंय? बाटलीतलं ते गोड पाणी परदेशातलं, त्यापेक्षा घरचं बरं. त्याने फुलवात चोळून बारीक केली, तारेत घातली आणि बटण दाबलं.

आत मला निरांजनाचा वास आला. मला वाटलं, एवढ्या वर्षांत नवऱ्याने पहिल्यांदाच कोणी न सांगता देवाला ओवाळलं. माझे हात खरकटे होते, तरी मी तसेच जोडले.

मग खोकला ऐकू आला. तो साधा नव्हता. बाहेर आले तर त्याचे ओठ निळसर, डोळे बाहेर, आणि हातात पिपाणी. गॅलरीतल्या चौघांनी त्याला खुर्चीत बसवून खाली नेलं. शेजारीण मागून म्हणत होती, "सांभाळून रे, सांभाळून." मी टॅक्सी पकडून परळच्या हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "काय ओढलं त्यांनी?"

"तूप."

"काय?"

"तूप. साजूक."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. तिसराही आला. मी प्रत्येकाला सांगितलं, गाईचं की म्हशीचं तेही सांगितलं, कारण एकाने विचारलं.

तुपाची वाफ फुफ्फुसात जाऊन छातीला आतून सूज आली होती. त्याला बरेच दिवस ठेवून घेतलं, नाकाला नळी. तिथे बिडीचा प्रश्नच नव्हता. साधी हवा आत घ्यायची तरी खोकला यायचा. पायाचे डॉक्टर खाटेपाशी येऊन पाय बघून जायचे. अंगठा वाचणार नव्हता, तो त्यांनी त्याच हॉस्पिटलात ऑपरेशन करून काढला. काढून झाल्यावर ते बाहेर आले, म्हणाले, "बाकीचा पाय आता ऊब धरतोय. असंच चालू राहिलं तर राहील." मी विचारलं, "असंच म्हणजे?" ते म्हणाले, "बिडीशिवाय." मी म्हटलं, "छाती भरल्यावर कसली बिडी." ते म्हणाले, "छाती बरी होईल. मग खरी परीक्षा."

परीक्षा झालीच नाही. घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी तो सवयीने खाली पानवाल्याकडे गेला, बिडी पेटवली आणि अर्ध्यावरच टाकून परत आला. म्हणाला, प्रत्येक झुरक्याला तुपाचा वास येतो आणि पोटातून वर येतं. सरकार, डॉक्टर, मुलगा आणि मी, आम्ही सगळ्यांनी मिळून जे केलं नाही, ते चमचाभर तुपाने केलं. चांगली टाकी निवडायला मी दादरपर्यंत गेले होते, ती आता कपाटात आहे. अजूनही गळत नाही.

डॉक्टरांना घोट्याजवळ नाडी लागते. त्यांनी नवऱ्याला विचारलं, कशी सोडली? तो म्हणाला, "निश्चय." माझ्याकडे बघितलंही नाही.

एक अडचण राहिली. संध्याकाळी मी निरांजन लावलं की त्याला उमासे येतात. तो उठतो आणि आरती संपेपर्यंत गॅलरीच्या टोकाला जाऊन उभा राहतो. चाळीत बोलणं सुरू झालंय की म्हातारा नास्तिक झाला. शेजारणीने मला परवा बाजूला घेऊन विचारलं, "ह्या वयात देवाकडे पाठ? समजाव तरी."

मी म्हटलं, "जाऊ दे. चालत जातोय ना."