बकुळाताई आपल्या खोलीत भेटतील

लालबागच्या त्या टॉवरमध्ये लिफ्टशेजारी एक काचेची पेटी आहे. पाणी कधी येणार, पार्किंगच्या भांडणात कोण जिंकलं, सत्यनारायण कुणाकडे आहे, असला सगळा मजकूर तिच्यात लागतो. एके सकाळी दूध आणायला उतरलेल्या बकुळाताईंना त्या पेटीत स्वतःचा फोटो दिसला. माणसाचा फोटो असा न सांगता भिंतीवर लागला की पहिली शंका भलतीच येते. बाईंनी आधी हार आहे का ते पाहिलं.

हार नव्हता. कामगार वस्ती संग्रहालयाचे आगामी कार्यक्रम होते. भोंग्यापासून भोंग्यापर्यंतच्या दिवसाची छायाचित्रं, पोरांसाठी लगोरी-विटीदांडूचं शिबिर, जुन्या चाळींमधून पायी फेरी, आणि सगळ्यांत वर ठळक अक्षरांत : 'दहा बाय दहाचं सुख. चाळीतली खोली, जशीच्या तशी. दर रविवारी बकुळाताई आपल्या खोलीत भेटतील.'

भेटतील म्हणे! कुणी विचारलं होतं बाईला?

विचारलं होतं ते दत्तारामांना. दत्ताराम म्हणजे बकुळाताईंचे यजमान. गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते. संपात गिरणी बसली आणि तिच्यासोबत हेही घरी बसले, ते कायमचे. परळला एका बंद गिरणीची उरलेली शेड काचेच्या ऑफिसांच्या गर्दीत कशीबशी तगून आहे, तिथे हे संग्रहालय निघालं. तेव्हापासून दत्तारामांच्या अंगात वारं शिरलं होतं. टॉवरमध्ये आल्यावर ज्या माणसाला कुणी कुत्रं विचारत नव्हतं, त्याला आता गाडी न्यायला येत होती. खुंटी कुठे होती, मोरीचा कठडा किती उंच होता, हे सगळं ते सांगत आणि सुतार तसं ठोकत. "बकुळा येतली," हेही त्यांनीच सांगून टाकलं.

पण सगळा दोष त्यांच्यावर ढकलून चालणार नाही. खरी फजिती बाईंनी स्वतःच करून घेतली होती.

झालं असं. संग्रहालयाची नूपुर, चुणचुणीत पोरगी, गिरगावातून पेढे घेऊन घरी आली होती. आवाज टिपायचं यंत्र टेबलावर ठेवलं आणि विचारू लागली. बाईंनी खाणावळीचं सांगितलं. चालू राहिलेल्या गिरण्यांतले दोन्ही पाळ्यांचे गडी जेवायला यायचे, भाकऱ्यांची चळत, बांगड्याचं तिकलं, पंगत गॅलरीपर्यंत. सासू, दोन दीर, कडेवर अजित. सांगताना बाई हसत होत्या. समोर सोफ्यावर पाय वर घेऊन दत्ताराम ऐकत होते. मग नूपुरने विचारलं, "आजी, एवढ्याशा खोलीत कधी कोंडल्यासारखं नाही झालं? बाहेर पडावंसं नाही वाटलं?"

आता आपल्या चाळींची एक रीत आहे. दार दिवसभर सताड उघडं, पण घरातलं दुखणं उंबऱ्याबाहेर जायचं नाही. पाहुणा आला की खोली महाल असते, सासू आई असते आणि नवरा देव असतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यात पाहुणी पेढे घेऊन आलेली, आणि देव समोर सोफ्यावर बसलेला. बाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "छे गं! त्या खोलीतून बाहेर पडावंसं मला कधी वाटलंच नाही."

तोंडातून गेलं ते गेलं. पाहुणी उठून गेली की अशी वाक्यं चहाच्या कपांबरोबर विसळून टाकायची असतात. पण हिच्याकडे यंत्र होतं.

खरं काय ते बाईंना ठाऊक होतं. संप लांबत गेला तेव्हा परळच्या एका इस्पितळात चादरी शिवायच्या खात्यात बायका घेत होते. बकुळाचा हात शिलाईत तयार. तिच्या भावाने, माधवने, शब्द टाकून ठेवला होता. नुसतं जाऊन उभं राहायचं होतं. धुवट पातळ नेसून ती निघाली, तर दत्ताराम दारात बसलेले. ओरडले नाहीत की हात उगारला नाही. आडवे पाय पसरून बसले आणि बिडी ओढत राहिले. "बायको कामाक गेली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील," एवढंच म्हणाले. नवऱ्याच्या पायांवरून ओलांडून कशी जाणार? ती उभी राहिली, मग बसली, मग पातळ बदलून तिने भात टाकला. पुढे वर्षानुवर्षं तिने त्या खोलीत पंचवीस गड्यांचं रांधलं आणि त्यावर घर चाललं. घरात बसून मिळवलेलं लोकांना चालत होतं, दत्तारामांनाही चालत होतं. बाहेर पडावंसं वाटलं नाही? अहो, तिला त्या खोलीची शिसारी होती. चाळ पाडली त्या दिवशी सगळ्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या; हिनेही लावला, पण आतून बाई कोरडी होती, आणि खूष होती.

आणि आता पाडलेली खोली पुन्हा उभी राहत होती. जशीच्या तशी.

बाईंनी सुटायचा प्रयत्न केला नाही असं नाही. ठाण्याला राहणाऱ्या अजितला फोन केला. तो म्हणाला, "आई, भाव नको खाऊस ना यार! किती जणांच्या आया म्युझियममध्ये बसतात? माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकलंय मी." सून प्रिती शहाणी. तिने फोन हातात घेऊन विचारलं, "आई, तुम्हाला खरंच जायचंय का?" हीच वेळ होती बोलायची. पण सुनेला काय सांगायचं, सासऱ्यांनी चाळीस वर्षांपूर्वी काय केलं ते? आपलेच दात, आपलेच ओठ. बाई म्हणाल्या, "हो तर. मजा येईल."

शेवटी त्या एकट्याच संग्रहालयात गेल्या. म्हटलं, बाकी राहू दे, निदान यंत्रात गेलेलं ते वाक्य तरी काढायला लावू. शेडमध्ये शिरल्या आणि जागच्या जागी थांबल्या. खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं : 'त्या खोलीतून बाहेर पडावंसं मला कधी वाटलंच नाही.' खाली त्यांचं नाव. आत उजव्या हाताला मोरी, डाव्या हाताला फळी, फळीवर पितळेचे डबे, वर दोरीवर लुगडं. रॉकेलचा वाससुद्धा. बाईंनी पदर नाकाला लावला.

"कसं वाटतंय, आजी?" नूपुर धावत आली. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"ते वाक्य…" बाई म्हणाल्या.

"सगळं प्रदर्शन त्याच्यावर उभं आहे आजी! लोक म्हणतात लहान घरात माणूस गुदमरतो. तुम्ही एका वाक्यात उत्तर दिलंत."

"तसं नाही गं. म्हणजे…"

इतक्यात खोलीतून दत्तारामांचा आवाज आला, "गो, ही खुंटी बघ, बरोबर असा मां?" तोंडात खिळे, हातात हातोडी, आणि डोळ्यांत असली चमक की लग्नातसुद्धा नव्हती. बाईंनी खुंटीकडे बघून मान डोलावली.

"अक्षरं जरा मोठी झालीत," त्या नूपुरला म्हणाल्या.

"मोठीच हवीत!" नूपुर म्हणाली.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. फरक इतकाच की तोंड बाईंनी आपल्याच हाताने दाबून धरलं होतं.

उद्घाटनाचा रविवार उजाडला. बाईंना नऊवारी नेसवली, जी त्यांनी जन्मात कधी रोज नेसली नव्हती. जाळ पेटवायची परवानगी नाही म्हणून विझलेल्या स्टोव्हवर तवा, हातात कच्च्या पिठाचा गोळा. खोलीच्या दाराला तांबडी मखमली दोरी लावली. दोरीच्या पलीकडे माणसं, अलीकडे बाई. परळच्या ऑफिसांतली पोरं-पोरी, गिरगाव-दादरचे पेन्शनर, कडेवर मुलं घेतलेल्या आया. सगळ्यांच्या हातात मोबाईल. बाई थापत होत्या, मोडत होत्या, पुन्हा थापत होत्या. कुणी म्हणे, "आजी, इकडे बघा." कुणी म्हणे, "किती क्यूट!" पाठीवरून घाम वाहू लागला. भिंती प्लायवूडच्या आहेत, हे कळत होतं. तरी श्वास पुरा आत जात नव्हता. आपण एवढं आयुष्य घालवून इथेच परत आलो, असं त्यांना वाटलं, आणि रडू आलं. लोकांना वाटलं, आठवणींनी आलं.

आणि मग दत्ताराम दोरी उचलून आत आले.

हे ठरलेलं नव्हतं. पण खोली कुणाची? मालकाची. ते भिंतीला टेकून, जिथे सदैव बसायचे तिथेच धपकन खाली बसले, पाय पसरले आणि अगदी सहज म्हणाले, "पाणी दी गो."

टाळ्या पडल्या! लोकांना वाटलं, नाटकाचा भाग आहे. आणि बाई उठल्या. सवय म्हणजे काय असते बघा; गोळा परातीत टाकला, हात पुसला, पितळी तांब्या उचलून हंड्यात घातला. तांब्या ठणकन तळाला आपटला. हंडा कोरडा होता. प्रदर्शनातला हंडा, त्यात पाणी कशाला असेल?

"आणते," बाई म्हणाल्या. दोरी उचलली आणि बाहेर आल्या.

गर्दीने वाट दिली. शेडच्या टोकाला पाण्याचं मशीन होतं. बाईंनी तांब्या भरला. गार पाणी. आणि तिथेच उभ्या राहून, नऊवारीवर सांडत, तो अख्खा तांब्या त्या स्वतः प्यायल्या. दुसरा भरला नाही.

रिकामा तांब्या घेऊन त्या परतल्या, पण दोरीपाशी थांबल्या. पहिल्यांदाच त्यांनी ती खोली बाहेरून, बघायला आलेल्या माणसासारखी बघितली. एवढीशी होती. आत एक म्हातारा पाय पसरून बसला होता.

"अगो, पाणी?" दत्ताराम म्हणाले.

बाईंनी वर भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट केलं. आवाज चढवला नाही, पण शेडमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. "हे खोटं आहे. मला रोज वाटायचं. रोज, अहो."

आता टाळ्या पडल्या नाहीत. नूपुर तोंडावर हात ठेवून उभी होती. मोबाईल एकेक करून खाली गेले. दत्तारामांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि उठायला गेले. पण टॉवरमध्ये आल्यापासून ते कधी जमिनीवर बसले नव्हते. गुडघ्यांनी साथ सोडलेली. एकदा हात टेकला, घसरला. दुसऱ्यांदा भिंतीला धरलं, तर भिंतच हलली. एवढ्या माणसांसमोर ते मटकन पुन्हा खाली बसले. दोनतीन पोरं दोरी उचलू लागली, तसा बाईंनी हात आडवा केला.

"बकुळा," ते हळू आवाजात म्हणाले, "माका उठव गो."

"उठवते हो," बकुळाताई म्हणाल्या. "जरा वेळ बसा तिथे."