फिजीला जाऊन आलेली भाकरी

अक्कलकोट रोडच्या चाळीत केराबाई कडक भाकऱ्या करून विकते. रोज दुपारी तिच्या चुलीपाशी बायकांची बैठक भरायची आणि बोलायची ती एकटी केराबाई! पण शेजारची वैजयंती परदेशातून परतली नि सगळा घोळका उठून तिच्या ओट्यावर गेला. सिडनीच्या लेकाकडून अमेरिकेतल्या लेकीकडे जाताना वैजयंती एक दिवस फिजी बेटावर थांबली होती. दोन मोठे देश पाहिले, पण बाईच्या तोंडी फक्त फिजी. निळं पाणी काय, माडांच्या रांगा काय, कानात फूल खोचलेल्या बायका काय!

केराबाईचा नुसता जळफळाट. "एक दिस ऱ्हायली, पण जलम तितंच झाल्यागत बोलती की!"

शेवटी न राहवून तीही ओट्यावर गेली, खोट काढायलाच. "व्हय गं, एवढं लई भारी बेट, मग खाल्लंस काय तितं?"

"काय सांगू केराक्का, वाळूत बसून इथून बांधून नेलेली तुमचीच कडक भाकरी खाल्ली, शेंगाचटणी लावून. तिथल्या एका बाईलाही तुकडा दिला."

केराबाई आणखीच पेटली. "म्हंजे माजी भाकरी समिंदर बघून आली, आन मी हितं धुरात?"

पण दुसऱ्या दुपारी बैठक पुन्हा चुलीपाशी होती. केराबाई रंगात आली होती, "...तर त्या फिजीच्या बाईनं पाय धरलं, म्हणली, आनखी येक द्या!"

दारातून वैजयंती ओरडली, "अहो, असं कुठं झालं?"

"तू गप गं! भाकरी कुणाची?"