कोवळ्या बटाट्याची साल

प्रयोगशाळेत सगळे तिला बटाटेबाई म्हणायचे आणि तीही खुशाल ओ द्यायची. बटाटा मातीत सुपारीएवढा असल्यापासून पार जून होईपर्यंत दर आठवड्याला थोडे खणायचे, धुवायचे, वाळवायचे, दळायचे, हे तिचं काम. धुण्यात तर तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवरा म्हणायचा, "हिचं चाललं तर ही साबणसुद्धा धुवून घेईल."

तिने दळलेल्या पिठातून संशोधन करणाऱ्या मॅडम एकेक घटक मोजायच्या. कोवळ्या बटाट्यात साखर जास्त. तो पोसत जातो तशी साखर उतरते आणि स्टार्च चढतो. यात नवल नव्हतं. नवल होतं लोहाचं. कोवळ्यात जेमतेम आणि जून होताच एकदम उडी! मॅडम हरखून गेल्या. या उडीवर त्यांचा निबंध छापून येणार होता आणि त्यांच्या शिफारशीने बटाटेबाईची तात्पुरती नोकरी कायम होणार होती.

त्याच आठवड्यात सासूबाई घरी नवे बटाटे सोलायला बसल्या.

"सुरी देऊ?"

"कोवळ्याला कसली गं सुरी? अंगठा फिरवला की साल हातात येते."

बटाटेबाईने एक उचलून अंगठा फिरवला, साल सुटून आली. ती तर काथ्याने खसाखसा घासायची! जून बटाट्याची घट्ट साल टिकली. कोवळ्यांची मात्र सालीतल्या लोहासकट मोरीत गेली. म्हणजे ती उडी खोटीच!

"गप्प बस," नवरा म्हणाला. "कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना!"

रडू येत होतं, तरी सकाळी तिने मॅडमना सगळं सांगून टाकलं. मॅडमनी निबंधाचे कागद बाजूला सारले.

"अख्खा हंगाम मातीत घातलास. आता कोणत्या तोंडाने शिफारस करू तुझी?"

"नका करू. वाफा तेवढा द्या. मी पुन्हा लावते."

नोकरी तात्पुरतीच राहिली. नवरा चार दिवस धड बोलला नाही. तिने वाफा खणला, बटाटे लावले, माती चढवली. पहिले सुपारीएवढे बटाटे निघाले तेव्हा काथ्या घरी ठेवून आली होती. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसे तिने ते नुसत्या बोटांनी धुतले.

पातेल्याच्या तळाशी माती बसली. सालीचा एक कपटाही नव्हता. तिने ते पाणी आधी मॅडमना नेऊन दाखवलं आणि मगच ओतलं.