इसाराआधीचा चहा

माझा दादा इंग्लंडात नोकरी करतो. निवृत्तीनंतर राहायला स्पेनच्या दक्षिणेला, गोल्फच्या मैदानाला लागून घर घ्यायचं त्याच्या मनात आलं आणि इकडे चाकूरजवळच्या आमच्या गावात अण्णांची झोप उडाली. आई गेल्यापासून ते घरात एकटेच. तिकडे घर घेतलं म्हणजे दादा परत येणार नाही, एवढं त्यांना बरोबर कळलं होतं. मलाही कळलं होतं आणि मला तर रागच आला होता.

मी नांदेडहून अण्णांकडे आले होते, तेव्हा दादानं व्हिडिओ कॉलवर ती जागा दाखवली. पांढरी बैठी घरं, पुढे नजर पोचेल तिथवर हिरवंगार गवत. आम्ही इथे टँकरची वाट बघायची आणि तिथे चेंडू घरंगळायला एवढं पाणी, म्हणून मी फणकारले. अण्णांनी वेगळंच विचारलं, "एवढं गवत अन् जनावर एकबी न्हाई?"

आमच्याकडे जमिनीचा इसार देण्याआधी बांधशेजाऱ्याच्या घरी जाऊन चहा प्यायची रीत आहे. कागद नंतर, माणूस नांदता आहे की भांडकुदळ, ते आधी बघायचं. अण्णांनी दादाला हीच अट घातली. शेजारी खडूस निघावा, अशी त्यांना मनातून आशा होती. तसं मी तोंडावर म्हणाले, तर त्यांनी नाही म्हटलं नाही.

पन्नाशी उलटलेला माणूस परक्या दारात चहा मागायला जाणार, म्हणून मी दादाची यथेच्छ टर उडवली. पण तो गेला.

आठवड्यानं त्याचा फोन आला, तेव्हा मी अजून अण्णांकडेच होते. शेजारी एक म्हातारी होती, इंग्लंडचीच. नवरा गेल्यावरही तिथेच राहिलेली. आसपासची घरं वर्षातले बरेच महिने कुलूपबंद. तिनं चहा केला, बिस्किटं काढली आणि अंधार पडेपर्यंत दादाला उठू दिलं नाही. निघताना, खरंच राहायला येणार ना, असं दोनदा विचारलं.

मला वाटलं, झालं, आता अण्णा म्हणणार, असल्या ओसाड जागी कशाला मरायला जातो. मीही तेच म्हणणार होते. अण्णांनी फोन जवळ ओढला.

"लेकरंबाळं हायत का तिला?"

"हायत, अण्णा," दादा म्हणाला. "लांब हायत."

अण्णांनी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला.

"घे बाबा ते घर," ते म्हणाले. "म्हातारीला शेजार होईल."