तिच्या मशीनची पूजा

चाकणच्या आमच्या कंपनीत खंडेनवमीला सगळी मशीन बंद असतात. वर्षभराचं ग्रीस, तेल, पत्र्याचा कीस पुसून काढायचा, झेंडूच्या माळा घालायच्या आणि ज्याचं मशीन त्यानं पूजा करायची, अशी पद्धत. पर्मनंट माणसं बायकापोरांना घेऊन येतात. मीही चऱ्होलीहून बायकोला गाडीवर मागं बसवून आणतो आणि ज्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसला वर्षभर शिव्या घातल्या तिच्याच पाया पडतो.

माझ्या शेजारच्या प्रेसवर एक ताई आहेत. लातूरकडच्या, चिखलीत भाड्याच्या खोलीत सासूबरोबर राहतात. नवरा वारल्यावर कंत्राटी म्हणून लागल्या आणि पाच-सहा वर्षांत ते मशीन त्यांच्याइतकं कुणालाच कळेनासं झालं. नुसत्या आवाजावरून काय बिघडलंय ते त्या सांगतात आणि मशीन जुळवून देणारा आमचा म्हातारा सेटर मुकाट्यानं ऐकतो. पण खंडेनवमीला त्या मशीन पुसायच्या, रांगोळी काढायच्या, माळ घालायच्या आणि हळदीकुंकवाचं ताट आलं की दोन पावलं मागं सरकायच्या. मग कुणाची तरी बायको पुढं व्हायची. विधवेनं पूजा करू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं. त्यांना कुणी सरका म्हणालंही नव्हतं. त्या आपल्या सरकायच्या आणि आम्ही सरकू द्यायचो.

हे मला खुपलं, आणि मी ते युनियनच्या कमिटीत काढलं. मी कमिटीचा मेंबर, त्यात तोंडाचा फटकळ. आमचे अध्यक्ष म्हणजे शांत गृहस्थ. घाई हा प्रकार त्यांच्या गावीच नाही.

"बघू," ते म्हणाले. "पगाराचा करार तोंडावर आलाय. आत्ता हे कुठं काढतो राव?"

दुसऱ्या वर्षी युनियनची निवडणूक होती, म्हणून राहिलं. तिसऱ्या वर्षी म्हणाले, "त्या बाई आपल्या मेंबरपन न्हाईत. कंत्राटी हायेत. आन् जुन्या मानसांच्या भावना असत्यात."

माझं डोकंच फिरलं. गेटबाहेरच्या टपरीवर चारचौघांत मी त्यांना म्हणालो, "अध्यक्ष, तुमच्या हातनं काय व्हायाचं न्हाई. खुर्ची तेवढी गरम करा." पोरं खो खो हसली. अध्यक्षांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि निघून गेले. मग मी युनियनच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकायला लागलो. सुधारणा, समता, थोर माणसांची नावं, सगळं त्यात असायचं. खाली अंगठ्यांची रांग लागायची. खरं सांगायचं तर मला त्याची चटक लागली होती. अध्यक्षांची ढिलाई मला आता चांगलीच सोयीची झाली होती, कारण ते जितके ढिले तितका मी शूर दिसायचो.

ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्यांना मी मात्र काहीच विचारलं नव्हतं. एकदा कँटीनमध्ये मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "ताई, तुमच्यासाठी भांडतोय बरं का मी."

त्या डबा उघडता उघडता थांबल्या. "मी काही म्हणले नाही दादा," त्या म्हणाल्या. मग भाकरी मोडता मोडता, "पण पूजा करायला भेटली तर लई बरं वाटंल. दिवसभर त्या मशीनपाशीच तर असते मी."

यंदा पितृपक्षात अध्यक्षांनी मला गेटवर गाठलं. "झालं बग तुझं काम," ते म्हणाले. वर्षभर ते जुन्या कामगारांच्या घरी जात होते. सेटरच्या घरी तर तीनदा गेले होते. एकेकाच्या बायकोशी, आईशी बोलले होते. "आता कोनी आडवं येनार न्हाई. तुमच्या लाइनवर त्या बाईच पूजा करत्याल. तू फकस्त तिथं हुबा ऱ्हा."

मला हे काहीच माहीत नव्हतं. तरी माझ्या तोंडून आभार निघाले नाहीत. "लई लवकर केलंत," मी म्हणालो. त्यांनी ते ऐकून सोडून दिलं.

ताईंना मीच जाऊन सांगितलं. "यंदा तुमच्या मशीनची पूजा तुमीच करायची. युनिफॉर्म नको, चांगली साडी नेसून या. सासूबाईंनापन आना." त्यांनी दोनदा विचारलं, "नक्की ना दादा?" आणि मी दोन्ही वेळा छातीवर हात ठेवून म्हणालो, "मी हाय ना."

खंडेनवमीला चार दिवस असताना माझ्या प्रेसवर डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा लोखंडी साचा, चढवत होतो. साखळी निसटली आणि डाय माझ्या पायापासून वीतभर अंतरावर आदळली. कुणाला खरचटलंही नाही, फक्त फरशीचा टवका उडाला. घरी आईनं मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. "यंदा पूजा नीट करा बाबा, काय उणं ठिऊ नका," ती म्हणाली. मी हसून उडवून लावलं. निदान मला तसं वाटलं होतं.

पूजेच्या सकाळी ताई आल्या त्या मोरपंखी रंगाच्या साडीत. सहा वर्षांत मी त्यांना राखाडी युनिफॉर्मशिवाय पाहिलंच नव्हतं. बरोबर सासूबाई, डोक्यावर पदर, चालून दमलेल्या. ताई त्यांना मशीन दाखवत होत्या, इथं पत्रा ठेवायचा, इथं दोन्ही हातांनी बटण दाबायचं. हळदीकुंकवाची डबी त्यांनी घरूनच आणली होती. मी ताट त्यांच्या हातात दिलं. लाइनवरचे सगळे गोळा झाले. कुणी चकार शब्द काढला नाही. अध्यक्षांनी काम चोख केलं होतं. सेटर तर हात जोडून उभा होता.

ताईंनी करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं. आणि माझी नजर त्या फरशीच्या टवक्यावर गेली.

"ताई," मी म्हणालो, "असं करू. तुमी ताट धरा. कुंकू आमची ही लावंल. यंदा जरा तसं झालंय ना, म्हनून. पुढच्या वर्षी तुमीच."

मी हसत हसत म्हणालो. किती सहज निघाले ते शब्द! कुणी अडवलं नव्हतं, कुणी डोळे वटारले नव्हते. जे अडवतील म्हणून मी तीन वर्षं आरडाओरडा केला, ते सगळे गप्प उभे होते आणि अडवणारा मी निघालो. बायको माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, त्यांना करू द्या ना," ती हळूच म्हणाली. मी डोळ्यांनी दटावलं. ताईंनी कुंकवाचं बोट पदराला पुसलं, ताट धरलं आणि "बरं दादा" म्हणाल्या. सासूबाई एकदा सुनेकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. त्यांना नेमकं काय बदललं ते कळत नव्हतं. नारळ मीच फोडला.

सगळ्या लाइनींवर फिरत फिरत अध्यक्ष आमच्याकडे पोचले तेव्हा प्रसाद वाटणं चाललं होतं. मशीनवर कुंकू पाहून त्यांचा चेहरा खुलला. "झाली का ताई पूजा?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

सेटर फरशीकडे बघू लागला. माझी बायको माझ्याकडे.

"झाली," ताई म्हणाल्या.

अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्याच्यामुळं झालं हे. मी सुस्त मानूस. ह्यो मागं लागला नसता तर आनखी धा वर्षं गेली असती." टाळ्या पडल्या. आमच्या लाइनवरच्यांनीही वाजवल्या, त्यांना सगळं ठाऊक असून. मला तिथंच सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि लोकांना तो माझा विनय वाटला. संध्याकाळी ग्रुपवर अध्यक्षांनी माझं नाव घालून चार ओळी लिहिल्या. खाली अंगठे आले. तो मजकूर अजून तिथं आहे आणि मी अजून काहीही बोललेलो नाही.

त्या दिवशी ताई सासूबाईंना घेऊन गेटबाहेर बसची वाट बघत होत्या. बायकोला टपरीपाशी थांबवून मी त्यांच्याकडे गेलो. डाय कशी पडली, आई काय म्हणाली, मन कसं कच्चं झालं, सगळं भडाभडा सांगितलं. पुढच्या वर्षी नक्की, असंही म्हणालो. त्या ऐकत होत्या. राग दिसत नव्हता, त्यामुळं मला जरा धीर आला. "अध्यक्षांना खरं का न्हाई सांगितलं?" मी विचारलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, तुमच्यासाठी.

"सासूबाईंसमोर काय सांगू?" त्या म्हणाल्या. मग पदर सावरून माझ्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "अध्यक्षांनी एवढे वर्षं काही केलं नाही दादा, पण त्यांनी मला साडी नेसून या म्हणून कधी बोलवलं नव्हतं."

बस आली. त्यांनी आधी सासूबाईंना हात धरून वर चढवलं.