अंबडपर्यंतचं टोचन

आमच्या वस्तीत गाडीला धक्का द्यायला कुणाला बोलवावं लागत नाही. इंजिन नुसतं खोकलं तरी हातातली भाकरी ताटात टाकून माणसं बाहेर येतात. बाबांची जुनी पिकअप मी शाळेत होते तेव्हापासून धक्क्यावरच चालू व्हायची. सात-आठ जण मागं, बाबा क्लच दाबून स्टिअरिंगवर. गाडीनं वेग घेतला की ते क्लच सोडायचे, धुराचा लोट यायचा आणि मागचे सगळे ओरडायचे. त्या गाडीतून बाबा मोसंबी घेऊन जालन्याला जायचे आणि येताना छापखान्यातून पत्रकांचे गठ्ठे आणायचे. हुंड्यावरची, दारूवरची, रेशनच्या काट्यावरची पत्रकं. मी वाचायला त्यांच्यावरच शिकले, आणि पुढं ती लिहायलाही लागले. बाबांचा नियम होता, ज्याला कळलं त्यानं सांगायचं, आणि मोठ्या अक्षरात सांगायचं.

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी बाबा मोटारसायकलवरून घरी येत होते. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही, खूण म्हणून तोडलेली फांदीसुद्धा नाही. ट्रॅक्टरवाला हॉटेलात चहा पीत होता. बाबांचा डावा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. ट्रॅक्टरवाला दवाखान्यात येऊन म्हणाला, "दिसायला पाहिजे व्हती की एवढी मोठी ट्रॉली." जसं काही अंधारात बघणं हे बाबांचं काम होतं आणि दिवा लावणं कुणाचंच नव्हतं.

मग भेटायला येणारे सुरू झाले. "पिकअप इकून टाका आता." "त्यांना दारात किराणा टाकून द्या, बसून राहतील." त्यांना! बाबा समोर खाटेवर बसलेले. पाय गेला होता, कान गेले नव्हते. मी दोन वेळा पाहुण्यांना चहा न देता घालवलं आणि आईची बोलणी खाल्ली.

एक दिवस बाबाच म्हणाले, "गाडीत डाव्या पायाला काम काय असतं गं? क्लच. मंग क्लचच काढून टाकू."

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. हे मला आधी सुचायला हवं होतं.

जालन्याच्या पोलाद कारखान्यांकडे भट्टीत जायला देशभरातून भंगार येतं. त्या भंगाराच्या यार्डात मी आठवडाभर फिरले. शेवटी एक मोठी डिझेल गाडी सापडली, मागून चेंदामेंदा झालेली, पुढून धड. इंजिन शाबूत आणि त्याला जोडलेला ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच न लागणारा, गिअरबॉक्सही. यार्डवाला माझ्याकडं बघत म्हणाला, "ताई, घरात कुणी माणूस न्हाई का हे बघायला?"

"आहे. बाहेर रिक्षात बसलाय. त्याला एक पाय कमी आहे, आणि मला काहीच कमी नाही."

त्यानं इंजिन वायरिंगसकट दिलं.

मिस्त्री अंबडचे, पन्नाशीचे, बाबांचे जुने दोस्त. त्यांनी आधी हात झटकले. "बेटा, ये शादी जमेगी नहीं. गाडी म्हातारी, इंजिन जवान." पण कामाला लागले तेव्हा दोन महिने दुसरी गाडी घेतली नाही. चासीवर इंजिनाला नवीन बैठका वेल्ड केल्या. नवा गिअरबॉक्स लांब, म्हणून मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट लेथवर कापून आखूड केला. गिअरच्या तेलासाठी वेगळा कूलर बसवला. शेवटी त्यांनी क्लचच्या पेडलला हात लावला आणि बाबांना विचारलं, "भाऊ, राहू देऊ का शोभेला?"

"काप," बाबा म्हणाले.

काम सुरू करण्याआधी आम्ही रीतसर परवानगी घेतली होती. बाबांचा हट्ट. आयुष्यभर दुसऱ्यांना कायदा सांगितला, आता स्वतः चोरून गाडी चालवायची का? आरटीओ ऑफिसातले साहेब मला विचारत होते, "यांना जमेल का चालवायला?" हे 'यांना' कुबड्या घेऊन त्यांच्यापासून दोन हातांवर उभे होते. बाबा म्हणाले, "साहेब, मला इचारा. मीच चालवणार हाय." साहेबांनी तरी मलाच सांगितलं की अमुक तारखेला गाडी तपासणीला आणा. गाडी पास झाली तरच ती कागदावर चढणार, आणि कागदावर चढली तरच बाबांच्या लायसन्सचा विचार होणार. तारीख चुकली तर पुन्हा अर्ज, पुन्हा वाट.

त्या दिवशी मी पहाटेच्या एसटीनं फाईल घेऊन पुढं जालन्याला गेले, नंबर लावायला. मागून बाबा पिकअपमध्ये येणार होते. लायसन्स होईपर्यंत गाडी चुलत्यांनी चालवायची असं ठरलं होतं. चुलते म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, वस्तीत ट्रॅक्टर त्यांचाच.

दहाच्या सुमारास चुलत्यांचा फोन आला. मागं ट्रॅक्टरचा धडधडाट. "घाबरू नको माय. वडीगोद्रीला चहाला थांबलो, मंग गाडी चालूच होईना. धक्का मारला पंधरा जणांनी, तरी न्हाई. मंग पोराला ट्रॅक्टर घेऊन बोलावलं. तुझा बाप बसलाय आत, मी ट्रॅक्टरवर. टोचन करून आणून राह्यलो. तारीख चुकू देत न्हाई बघ!"

टोचन म्हणजे दोर बांधून ओढणं. मी ऑफिसातच ओरडले, "काका, थांबवा! ओढू नका!"

"आं? जल्दीच येतो, जल्दी!" फोन बंद.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स धक्क्यानं चालू होत नाही. आणि इंजिन बंद असताना मागची चाकं जमिनीवर ठेवून गाडी लांब ओढली तर गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही, आतलं सगळं कोरडं घासतं, जळतं. हे मला माहीत होतं. फोनवर त्या गिअरबॉक्सचं इंग्रजी माहितीपुस्तक उघडून मी ते वाचलं होतं. मी परत परत फोन लावला. ट्रॅक्टरच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? बाबांचा फोन घरी चार्जिंगला.

अंबडच्या अलीकडं बाबांना करपल्याचा वास आला. त्यांनी हॉर्न दाबला, हॉर्न वाजेना. दार बडवलं, ओरडले. दोराच्या पुढच्या टोकाला चुलते तारीख गाठायच्या नादात होते. अंबड आलं, रस्त्यात गर्दी लागली, तेव्हा कुठं ते थांबले. खाली पांढरा धूर.

मिस्त्रींचा फोन आल्यावर मी अंबडला पोचले तेव्हा ते बॉनेटमध्ये वाकलेले होते. त्यांनी मला बॅटरीच्या वायरचा नट दाखवला. ढिला. म्हणून गाडी चालू झाली नव्हती, म्हणून हॉर्न वाजला नव्हता. "दस नंबर का पाना," ते म्हणाले. "अर्धा फेरा." एवढंच काम होतं. मग त्यांनी गिअरबॉक्सचं तेल एका डबीत काढलं. काळं, जळक्या भाकरीसारख्या वासाचं.

मी चुलत्यांवर तुटून पडले. भर रस्त्यात. त्यांना अडाणी म्हणाले, आणखी काय काय म्हणाले. ते दोर गुंडाळत ऐकत राहिले. मग म्हणाले, "आपला माणूस रस्त्यावर सोडून द्यायचा व्हता का? आजवर ओढूनच आणलं ना समद्यांना?"

"पण ही गाडी ओढायची नसते!"

"हे तू कधी सांगितल्तं?"

बाबा सीटवरून उतरले नव्हते. ते चुलत्यांकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. "मला तरी सांगितल्तं का?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं नव्हतं. कुणालाच. रेशनच्या काट्यावर पत्रक लिहिणारी मी, आमच्या स्वतःच्या गाडीबद्दलची एक ओळ माझ्या फोनमध्ये इंग्रजीत ठेवून बसले होते. जी वस्ती धक्का दिल्याशिवाय राहत नाही, तिला धक्का देऊ नका हे सांगायचं मला सुचलं नाही. मला राग होता तो त्या ट्रॅक्टरवाल्याचा, साहेबांचा, पाहुण्यांचा. त्यात आता माझा स्वतःचा जमा झाला आणि तो अजून गेलेला नाही.

दुसरा गिअरबॉक्स मिळायला पाच महिने गेले. तेवढे महिने बाबा दारात बसून होते, आणि पाहुणे पुन्हा किराण्याचं बोलायला लागले. गाडी पुन्हा तयार झाली तेव्हा मी मागच्या फळीवर पिवळ्या रंगानं लिहिलं:

धक्का देऊ नका. टोचन करू नका. गिअरबॉक्स जळतो. आधी बॅटरीचा नट बघा. पाना सीटखाली.

चुलत्यांनी एकेक शब्द मोठ्यानं वाचला. "बराबर," म्हणाले. "आता कोण अडाणी ऱ्हाईल?" हे हसत म्हटलेलं नव्हतं. मी मान खाली घातली.

तपासणीला गाडी पास झाली. पुढं यथावकाश लायसन्सही झालं. साहेबांनी तेव्हाही बाबांऐवजी माझ्याकडं बघूनच सही केली.

लायसन्स आल्यावर बाबांनी पहिल्यांदा मोसंबी भरून गाडी जालन्याला नेली. मी शेजारी. येताना दिवस मावळत होता. वडीगोद्रीच्या अलीकडं, रस्त्यात, उसाची ट्रॉली उभी. दिवा नाही. पट्टी नाही. ट्रॅक्टरवर कुणी नाही.

बाबांनी ट्रॉलीच्या बऱ्याच मागं गाडी उभी केली आणि चारी इंडिकेटर लावले. मी उतरून हॉटेलात गेले आणि ड्रायव्हरला अशा शब्दांत बाहेर काढला की चहावाल्यानं रेडिओ बंद केला. तो तणतणत आला. आमच्यामागं चार-पाच गाड्या अडकून हॉर्न मारत होत्या. त्यानं बाबांच्या खिडकीशी येऊन हात हलवला. "काका, जा की पुढं. रस्ता रिकामा हाय."

बाबांनी इंजिन बंद केलं, चावी काढून खिशात टाकली.

"दिवा लाव. मंग जातो."